सुट्टी कोणाच्या आई-बापांना?

हिवाळा सुरू झाला की शनिवारी-रविवारी शहाद्याहून म्हसावदमार्गे तोरणमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींची वर्दळ वाढते. नंदुरबार, धुळे, जळगाव आणि पलीकडे सुरत येथून आलेली मंडळी यशवंत तलावाच्या काठी उतरतात, सीताखाईच्या कड्यावरून दरी पाहतात, रात्री शेकोटीभोवती बसून गप्पा मारतात. अलीकडे या मंडळींत लहान मुलांना आजी-आजोबांच्या स्वाधीन करून दोन दिवसांपुरते जोडीने आलेले नवरा-बायकोही दिसू लागले आहेत. ही काही धनिक माणसे नव्हेत. शाळेत, बँकेत, दवाखान्यात किंवा दुकानात दिवसभर काम करून संध्याकाळी मुलांचे जेवण, अभ्यास, ताप-खोकला आणि जागरणे यांत बुडून जाणारी ही माणसे आहेत. घरात दोन-तीन वर्षांची मुले असली म्हणजे सलग सहा तासांची झोपदेखील चैन वाटू लागते, आणि नवरा-बायकोंत दूध, औषध आणि शाळेची फी यांखेरीज दुसरे बोलणे उरत नाही. दोन दिवस हे ओझे खाली ठेवून एकमेकांकडे माणूस म्हणून पाहावे, अशी इच्छा त्यांना झाली तर तीत वावगे काहीच नाही.

पुरोगामी म्हणविणाऱ्या वर्तुळांत अशा सहलींची संभावना 'मध्यमवर्गीय चोचले' या दोन शब्दांत करण्याची रीत आहे. ती आता सोडून दिली पाहिजे. मूल वाढविणे हे श्रम आहेत. उद्याचा शेतकरी, उद्याचा कामगार, उद्याचा नागरिक या श्रमांतूनच घडतो. आणि जेथे श्रम आहेत तेथे विश्रांतीचा हक्कही आहे. आक्षेप घ्यायचा तो या सुट्टीवर नव्हे. ती इतक्या थोड्यांच्या वाट्याला का येते, आणि ज्यांच्या वाट्याला येत नाही त्यांची गणनाच कोणी का करीत नाही, हा खरा प्रश्न आहे.

नंदुरबार जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. दिवाळी सरते न सरते तोच धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा या तालुक्यांतील पाड्यांवरून दुसरी एक रहदारी सुरू होते. मालमोटारींत भांडीकुंडी, पीठमिठाची गाठोडी, कोंबड्या आणि पोरेबाळे भरून कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातची हद्द ओलांडतात. बारडोली, मढी, चलथाण या परिसरातील साखर कारखान्यांचा ऊस तोडायला ती निघालेली असतात. पावसाळ्यात घरातले धान्य संपले तेव्हा मुकादमाने दिलेली उचल त्यांच्या डोक्यावर असते, आणि ती फिटेपर्यंत त्यांचे अंग त्यांचे राहिलेले नसते. ऊसतोडीच्या हिशेबात एकटा पुरुष किंवा एकटी स्त्री मोजली जात नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' होतो. म्हणजे या जिल्ह्यात हजारो नवरा-बायकोंना जोडीने घराबाहेर नेणारी एक मोठी व्यवस्था आहेच, आणि ती व्यवस्था साखर कारखाना ही आहे. तोरणमाळला जाणारी जोडी दोन दिवसांनी परत येते. कोयत्याची जोडी उन्हाळ्यापर्यंत परत येत नाही.

हे काही आजचे नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ साली बारडोलीच्या कारखान्यांसाठी राबणाऱ्या खानदेशी तोडकऱ्यांचे जिणे सविस्तर लिहून जगापुढे मांडले होते. सहकाराच्या नावाखाली उसाबरोबर मजूरही कसा पिळून निघतो, हेच त्या लिखाणाचे सार होते. त्यानंतर धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा झाला, रस्ते झाले, पाड्यांवर दूरध्वनीही पोहोचले. परंतु ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शंभरांतील ६९ माणसे आदिवासी आहेत, तेथून दिवाळीनंतर निघणाऱ्या मालमोटारी काही थांबल्या नाहीत.

या स्थलांतराची चर्चा बहुधा मजुरीचा दर आणि उचल यांपाशी येऊन थांबते. ती चर्चा आवश्यकच आहे. परंतु तीत तोडकऱ्याच्या घरातील लहान मूल कोठे दिसत नाही. पहाट होण्यापूर्वी आई चूल पेटवून भाकरी थापते आणि अंधारातच फडाची वाट धरते. तान्हे असेल तर बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधून त्यात ते निजविले जाते. दोन वर्षांचे पोर पाचटावर बसून उसाचे कांडे चोखीत राहते. त्याच्यावर लक्ष ठेवायला त्याची सात-आठ वर्षांची बहीण असते, म्हणजे जिने शाळेत असायला हवे ती मुलगी आई होऊन बसलेली असते. आई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून त्या वाहते. गाडी भरायला रात्र झाली तरी थांबावे लागते. कोपीवर परतल्यावर पुन्हा चूल, पुन्हा पाणी, पुन्हा पोरांचे रडे.

ज्यांची मुले गावी राहतात त्यांचेही चित्र फारसे वेगळे नाही. ती म्हाताऱ्या आजीजवळ असतात. आजीला पोटापुरते मिळवायचे, लाकूडफाटा आणायचा आणि त्याबरोबर तीन-चार नातवंडेही सांभाळायची असतात. मोठी मुले आश्रमशाळेत असली तर ऐन दिवाळीच्या सुट्टीत ती घरी येतात. नेमकी तेव्हाच आई-बापांची निघायची वेळ झालेली असते. शाळा मुलांना घरी पाठविते आणि कारखाना घर रिकामे करतो. मग मागे राहण्याऐवजी मुलेही मालमोटारीत चढतात, आणि त्यांतील कित्येक त्या वर्षापुरती शाळेला मुकतात. आश्रमशाळेचे वेळापत्रक आणि गळिताचे वेळापत्रक एकमेकांसमोर ठेवून पाहण्याचे साधे काम जर शासनाकडून होत नसेल, तर त्याला नियोजन कसे म्हणायचे?

या साऱ्याचा संबंध नंदुरबारच्या नावाला चिकटलेल्या कुपोषणाशीही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन्ही फेऱ्यांत या जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाचे पोट मुठीएवढे असते. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे, मऊ आणि ताजे अन्न भरवावे लागते. ते भरवायला कोणीतरी मोठे माणूस मोकळे असावे लागते. पहाटेपासून रात्रीपर्यंत आई फडात असेल आणि सात वर्षांची मुलगी घर सांभाळीत असेल, तर अंगणवाडीतून शिध्याची पाकिटे कितीही वाटली तरी ती त्या पोटात जाणार कशी? कुपोषण म्हणजे केवळ धान्याचा तुटवडा नव्हे, आईच्या वेळेचाही तो तुटवडा आहे. हे ध्यानात घेतल्याखेरीज पाळणाघर ही आहाराची योजना आहे, ही गोष्ट उमजणार नाही.

ऊसतोडीच्या कोशात 'सुट्टी' हा शब्द नाही. आहे तो 'खाडा' हा शब्द. ताप आला, बाळंतपण जवळ आले, पोर आजारी पडले, तरी ज्या दिवशी कोयता चालला नाही तो दिवस खाडा ठरतो. मराठवाड्यातील टोळ्यांत तर खाड्याबद्दल मजुरी बुडून वर दंडही कापला जातो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हा या खाड्याच्या भीतीची चर्चा साऱ्या महाराष्ट्रात झाली. स्वतःच्या देहाच्या धर्मासाठीही ज्या आईला रजा नाही, तिला मुलासाठी रजा कोठून मिळणार?

कायदा याबाबत मुका आहे असे नव्हे. राज्यघटनेच्या ४३ व्या कलमात शेतीतील, उद्योगातील आणि अन्य सर्व कामगारांना समाधानकारक राहणीमानाबरोबरच फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता येईल अशी परिस्थिती निर्माण करण्यास राज्याने झटावे, असे स्पष्ट सांगितले आहे. घटनाकारांनी 'फुरसत' हा शब्द शेतमजुरासाठीही वापरला, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टी दिली, दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली, स्त्रिया अधिक असतील तेथे पाळणाघराची सक्ती केली. परंतु साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत काम करणाराच कामगार ठरला. त्याच कारखान्यासाठी फाटकाबाहेर ऊस तोडणारा मुकादमाचा माणूस ठरला आणि या सर्व तरतुदींच्या बाहेर राहिला. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली वेगळा कायदा झाला, त्यात प्रवासभत्ता आणि विस्थापनभत्ताही लिहिला गेला. पण तोडकऱ्याच्या कोपीपर्यंत तो कधी चालत आला नाही. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला नेमावे आणि तिलाही मजुरीच्या दराने पैसे द्यावेत, अशी तरतूद होती. मूल सांभाळणे हे मजुरीच्या तोलाचे काम आहे, असे कायद्याने मान्य केल्याचे हे मोलाचे उदाहरण. कार्यकर्त्यांनी ते किती कामांवर मागितले, याचा हिशेब त्यांनी स्वतःशीच करावा.

विश्रांतीचा हक्क कोणी दान म्हणून दिल्याचा इतिहास नाही. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालविलेल्या संघटनेच्या आणि सभा-अर्जांच्या बळावर, १० जून १८९० रोजी. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांनी कारखाने व्यापून संप केले, तेव्हा लेऑं ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा केला आणि सुट्टीसाठी सवलतीचे रेल्वे तिकीटही सुरू केले. मजुरांची कुटुंबे त्या उन्हाळ्यात समुद्रकाठी पोहोचली. त्यांतील कित्येकांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. भारतातही सरकारी नोकराला रजा प्रवास सवलत आहे. म्हणजे आई-बापांनी मुलांसह किंवा मुलांविना चार दिवस बाहेर जावे आणि त्याचा काही खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा, हे तत्त्व राज्याने केव्हाच स्वीकारले आहे. फक्त ते तत्त्व कचेरीच्या दारापाशी येऊन थांबले आहे.

लोकजीवनानेही ही गरज ओळखली होती. खानदेशच्या सपाटीवर आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडाला झोके बांधले जातात, चार दिवस चूल दुसरी कोणी पेटविते, लेकीच्या पोरांना तिची आई आणि भावजय पाहतात. मुलांच्या आईला चार दिवस पुन्हा मुलगी होऊ देणारी ही रीत आहे. परंतु ज्या आखाजीला शेतकऱ्याची लेक झोक्यावर बसते, त्याच आखाजीला सालदाराचे नवे साल ठरते. पुढचे बारा महिने कोणाच्या गोठ्यात विकायचे, याचा करार त्या दिवशी होतो. सालदाराच्या बायकोला माहेरी जायचे तर मालकाच्या सवडीने जावे लागते. एकाच सणाला एकीची सुट्टी आणि दुसरीच्या नवऱ्याची बांधणी, हे वर्गविभागणीचे चित्र पुस्तकात शोधायला नको.

शहाद्याच्या भूमीत या सालदारीविरुद्ध १९७२ पासून जो लढा उभा राहिला त्याचे स्मरण येथे अप्रस्तुत ठरू नये. अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या त्या लढ्यात जमीन आणि मजुरी हे प्रश्न घेऊन आदिवासी स्त्रिया उतरल्या. लवकरच त्यांनी दारूचे गुत्ते फोडले आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला गावापुढे जाब विचारला. तोवर ही 'घरातली गोष्ट' समजली जात होती. चळवळीचा प्रश्न कोणता आणि घरचा कोणता, ही सीमारेषा त्या निरक्षर स्त्रियांनी पुसून टाकली. आईची विश्रांती आणि मुलाची देखभाल हाही तसाच 'घरातला' म्हणून बाजूला ठेवलेला प्रश्न आहे. तो चव्हाट्यावर आणण्याचा परिपाठ याच जिल्ह्याने घालून दिला आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जेथे पोटाला भाकर नाही तेथे सुट्टीच्या गोष्टी कशाला? या आक्षेपाला उत्तर सातपुड्यातील तोडकऱ्यांनी स्वतःच दिले आहे. होळी जवळ आली की टोळ्यांमागून टोळ्या गावाकडे निघतात. मुकादम धमकावतो, मजुरी बुडते, तरी भोंगऱ्याच्या बाजाराला आणि होळीला माणसे घरी पोहोचतात. काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल वाजतो तेव्हा नाचणाऱ्यांत कितीतरी जण थेट उसाच्या फडातून आलेले असतात. कोणत्याही कायद्याने न दिलेली आणि कोणत्याही संघटनेने न मागितलेली ही सुट्टी आदिवासींनी आपल्या हिमतीवर घेतली आहे. भुकेल्या माणसाला फुरसत नको असते, हा समज पोट भरलेल्यांचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गोड शब्दांत येतो. आई ही त्यागाची मूर्ती आहे, तिला कसली आली सुट्टी! आईच्या कष्टांवर डोळे ओले करण्याची मराठी मनाला फार सवय आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'ने तीन-चार पिढ्या रडविल्या. परंतु गुरुजींच्या लेखनातला श्याम आईचे पाय चेपतो, तिच्या कामाला हात लावतो, हे वाचक विसरतात आणि तिचे झिजणे तेवढे लक्षात ठेवतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७ मिनिटे, असे दिसून आले. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात शंभरांत २६ च होते. ज्याला अश्रू ढाळायचे असतील त्याने आधी भांडी घासावीत.

येथे पक्षाच्या आणि चळवळीच्या कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरात डोकावून पाहणे प्राप्त आहे. दोन-तीन दिवसांच्या अभ्यासशिबिराला कार्यकर्ता जातो, नव्या ओळखी, चर्चा, गाणी यांनी टवटवीत होऊन परत येतो. त्याला कोणी सुट्टी म्हणत नाही, पण घरच्या धबडग्यातून मिळालेली ती सुटकाच असते. त्या दिवसांत त्याची मुले कोण पाहते? जिने पाहिली तिला शिबिराला यायचे असेल तर मुलांना कोण पाहणार? स्त्रिया बैठकांना येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या किती शाखांनी बैठकीच्या शेजारच्या खोलीत चटई अंथरून मुलांना सांभाळायला दोन पुरुष बसविले? ज्यांना स्वतःच्या घरात आणि शिबिरात पाळणाघर चालविता येत नाही, त्यांनी साखर कारखान्याकडे ते मागावे, यात नैतिक बळ कमी पडते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. गळीत हंगामाच्या पहिल्या दिवसापासून तोडकऱ्यांच्या प्रत्येक पडावावर पाळणाघर असावे आणि त्याचा खर्च मुकादमावर न ढकलता कारखान्याने सोसावा. तेथे काम करणाऱ्या स्त्रीला तोडणीइतकीच मजुरी मिळावी. आठवड्यातून एक दिवस टोळीवार पाळीने भरपगारी सुट्टी असावी, आणि होळीची रजा गाडीभाड्यासह हक्काची असावी. खाड्याचा दंड बेकायदा ठरवावा. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि दिवसभराच्या अंगणवाड्या दिवाळीपूर्वीच उघडाव्यात, आश्रमशाळांनी त्या काळात दार बंद करू नये, आणि अंगणवाडीच्या सेविकेला मानधन नव्हे, वेतन मिळावे. या सर्वांच्या मुळाशी, खरिपाची कापणी होताच गावातच काम निघावे, म्हणजे जायचे की राहायचे याचा निर्णय उचल देणाऱ्याच्या हाती न राहता त्या जोडप्याच्या हाती येईल.

हे सर्व एका हंगामात होणार नाही. परंतु एका हंगामात एका पडावावर एक पाळणाघर निश्चित होऊ शकते, आणि पुढच्या शिबिरात दोन पुरुष चटईवर बसू शकतात. तोरणमाळला आलेल्या जोडप्याने परतताना पायथ्याशी उभी असलेली मालमोटार पाहिली, आणि त्या मालमोटारीतील आई-बापांनाही असेच दोन दिवस हवे असतील एवढा विचार त्याच्या मनात आला, तरी त्याची सुट्टी सार्थकी लागली असे म्हणता येईल. त्या विचाराला संघटनेची वाट दाखविणे हे मात्र कार्यकर्त्यांचे काम आहे, आणि त्या कामाला खाडा परवडणारा नाही.